अंगावर उठणारी अक्षरं

*वाचक लिहितात:*

डॉक्टर मॅडम, नमस्कार. आम्ही शिवाजी पेठेत राहतो. थोरली मुलगी १९ वर्षांची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या दिवाळीपासून तिच्या अंगाला कुठंही नख लागलं, सॅकचा पट्टा घासला की लाल वळ उठतो, फुगतो, खाजतो आणि अर्ध्या-पाऊण तासात निघून जातो. कॉलेजात मैत्रिणीनं पेनच्या टोपणानं तिच्या हातावर नाव काढलं, ते जसंच्या तसं वर आलं. त्याचा व्हिडिओ गल्लीभर फिरला. सासूबाईंनी पित्त म्हणून आमसुलाचं पाणी लावलं, घोंगडी पांघरायला दिली, फरक नाही. मी वांगं, दाणे, अंडी, मटण सगळं बंद केलंय. शेवटी शेजारच्या बाईंच्या सांगण्यावरून तिला एका देवऋषीकडं नेलं. त्यानं पाठीवर बोटानं काहीतरी ओढलं, पुटपुटला, आणि आमच्या डोळ्यांदेखत पाठीवर त्रिशूळ उठला. "देवीनं पोरगी मागितल्या," म्हणाला. दर मंगळवारी आणा, पौर्णिमेला मोठी पूजा, अकरा हजार. दुसऱ्या खेपेला "अंगातलं बाहेर काढतो" म्हणून कडुलिंबाच्या डहाळ्यांनी पाठीवर मारलं. पोरगी रात्रभर रडली, माझ्याशी अजून धड बोलत नाही.

त्यात धाकट्याच्या (वय ९) जिभेवर नकाशासारखे लाल चट्टे येतात आणि चार दिवसांनी जागा बदलतात. आमचे मिस्टर उंबऱ्यातून उन्हात आले की तीन-चार शिंका ठरलेल्या. सासूबाई म्हणतात, तिघांवर एकच सावट आहे. थोरलीला स्थळं यायला लागलीत. हे सांगायचं की लपवायचं? काही सुचत नाही.
— एक आई, कोल्हापूर

*उत्तर:*

ताई,

हे उत्तर आधी तुमच्या मुलीच्या हातात द्या. तुम्ही नंतर वाचा. गेले कित्येक महिने तिच्या अंगाबद्दल गल्ली बोलते आहे, देवऋषी बोलतो आहे, आजी बोलते आहे. तिला मात्र कुणीच नीट काही सांगितलेलं नाही. आणि येत्या मंगळवारी तिकडं जायचं नाही. पौर्णिमेलाही नाही. पैसे दिले असतील तर गेले म्हणा, पण मुलगी पुन्हा त्या माणसासमोर बसवू नका.

तुम्ही जे लिहिलं आहे त्याला डर्मॅटोग्राफिझम म्हणतात. मराठीत त्वचालेखन म्हणू. हा अंगावर गांधी उठण्याचाच एक प्रकार आहे. शंभर माणसांमागं दोन ते पाच जणांत तो कमी-जास्त असतो, आणि तरुण वयात जास्त दिसतो. एकाचा दुसऱ्याला लागत नाही, रक्त खराब असल्याचं ते लक्षण नाही, आणि पुढं त्यातून काही भयंकर निघत नाही. कित्येकांना आपल्याला हे आहे याचा पत्ताही नसतो, कारण खाज नसते. तुमच्या मुलीला खाज आहे, म्हणून त्रास आहे, आणि त्या त्रासावर चांगलं औषध आहे.

होतं काय ते सांगते. आपल्या कातडीत मास्ट पेशी नावाच्या पेशी असतात. त्यांच्या पोटात हिस्टामीन नावाचं रसायन साठवलेलं असतं. एरवी जखम झाली, किडा चावला की त्या ते बाहेर सोडतात. त्वचालेखन असलेल्या माणसात या पेशी फार हळव्या असतात, नुसत्या ओरखड्यानं, घर्षणानं, दाबानं उघडतात. हिस्टामिनमुळं तिथल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात आणि त्यांतलं पाणी आजूबाजूला झिरपतं. आधी लाल रेघ, मग तिच्या भोवती लाली, मग रेघेच्या जागी उंचवटा. थॉमस लुईस या ब्रिटिश डॉक्टरांनी १९२० च्या दशकात या तीन पायऱ्या नीट अभ्यासून मांडल्या आणि कातडीतूनच काहीतरी रसायन सुटत असावं असं सांगितलं. उंचवटा उठायला पाच-दहा मिनिटं लागतात आणि अर्ध्या-एक तासात तो मागमूस न ठेवता जातो. तुम्ही लिहिलेली वेळ याच्याशी तंतोतंत जुळते.

आता त्रिशूळ. देवऋषीनं पाठीवर बोट ओढलं तेव्हा नखानं त्रिशूळच काढला होता. लगेच काही दिसलं नाही, म्हणून तुम्हाला वाटलं त्यानं नुसता हात फिरवला. मग तो पाच-सात मिनिटं पुटपुटत बसला. हिस्टामिनला तेवढाच वेळ लागतो. मंत्र संपला आणि त्रिशूळ उठला. त्यानं सूर्य काढला असता तर सूर्य उठला असता, स्वतःचा मोबाइल नंबर काढला असता तर तोही उठला असता. त्याला हे माहीत होतं की नाही हे मी सांगू शकत नाही, पण त्या पाच मिनिटांत देवीचं काही काम नव्हतं.

सासूबाईंना हे माझ्या शब्दांवर पटायचं नाही, आणि पटावं अशी अपेक्षाही नाही. त्यांना स्वतःच्या हातानं बघू द्या. मुलगी राजी असेल तरच, आणि एकदाच. चमच्याचा दांडा घ्या, तिच्या हाताच्या आतल्या बाजूला सासूबाईंना हव्या त्या आकाराची रेघ हलक्या हातानं ओढायला सांगा. गोपद्म काढू देत, नाही तर नुसता गोल. दहा मिनिटं चहा पीत बसा. आपण काढलेलं उठताना बघितलं की मनातली भीती जेवढी जाते, तेवढी कुणाच्या व्याख्यानानं जात नाही. अजून शंका राहिली तर त्यांना सांगा की अंगावर गांधी उठण्याचं वर्णन आपल्या जुन्या वैद्यकातही आहे. माधवनिदानात शीतपित्त, उदर्द, कोठ अशी नावं देऊन ते आजारांत घातलं आहे. शेकडो वर्षांपूर्वीच्या वैद्यानंही त्यात देवीची खूण बघितली नाही.

यावर मी एवढी अडून बसते आहे, त्याला कारण आहे. आपल्या जिल्ह्यात अंगावरच्या खुणेला देवीचं बोलावणं समजण्याची फार मोठी किंमत मुलींनी मोजली आहे. गडहिंग्लज, चंदगड, सीमाभाग इकडं केसांत जट आली म्हणून किती पोरी सौंदत्तीच्या यल्लम्माला देवदासी म्हणून सोडल्या गेल्या. जट म्हणजे न विंचरलेले, चिकटलेले केस, दुसरं काही नाही. पण एकदा "देवीनं मागितली" म्हटलं की घरच्यांचे हात बांधले जायचे आणि पोरीच्या आयुष्याची माती व्हायची. राजर्षी शाहू महाराजांनी १९२० मध्ये संस्थानात जोगत्या-मुरळ्या सोडण्याविरुद्ध कायदा केला, तो काही उगाच नाही. तुम्ही तसलं काही करणार नाही हे मला कळतं. पण "मागितल्या" हा शब्द तुमच्या मुलीनं स्वतःच्या कानांनी ऐकला आहे. कोल्हापूरच्या मुलीला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ती रात्रभर रडली ती नुसती डहाळ्यांच्या मारानं नाही.

दुसरीही एक गोष्ट बघा. तालमीत तांबड्या मातीत लढणाऱ्या पोरांच्या अंगावर पकडीचे, बोटांचे वळ उठतात. त्यातल्या काहींना हेच त्वचालेखन असतं. वस्ताद म्हणतात, "अंग नाजूक हाय," आणि कुस्ती पुढं चालू होते. तिथं कुणी देवीचं नाव घेत नाही. तोच वळ मुलीच्या पाठीवर उठला की त्याचा अर्थ लावायला बाहेरची माणसं गोळा होतात.

हे खेडवळ, अडाणी माणसांचंच काम असतं असंही समजू नका. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या साल्पेत्रियेर रुग्णालयात जाँ-मार्तँ शार्को या नामांकित मेंदूतज्ज्ञाचा दबदबा होता. तिथले डॉक्टर त्वचालेखनाला उन्मादाची, म्हणजे हिस्टेरियाची खूण समजत. १८९३ मध्ये तुसाँ बार्तेलेमी या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञानं या विषयावर फोटोंसकट मोठा ग्रंथ काढला. १९०४ मध्ये तर साल्पेत्रियेरच्या नियतकालिकात एका बाईच्या उघड्या पाठीचा फोटो छापला गेला. तिच्या पाठीवर डॉक्टरांनी तिच्याच मानसिक आजाराचं नाव लिहिलं होतं आणि ते फुगून वर आलं होतं. शिकलेली, पदवी घेतलेली माणसं होती ती. त्या बाईला कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. म्हणून त्या व्हिडिओबद्दल मी तुमच्याइतकीच काळजीत आहे. मैत्रिणीला सांगून तो काढून टाकायला लावा. मुलीची पाठ आणि तिचा हात ही कुणाची पाटी नाही. तिला गंमत म्हणून स्वतः काही काढावंसं वाटलं तर तो तिचा प्रश्न. बऱ्याच मुली काढतात, मजेत राहतात.

मारहाणीबद्दल थोडक्यात. अंगातलं बाहेर काढतो म्हणून मारणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं कैद, आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड. तक्रार करायची की नाही हे तुम्ही आणि मुलगी मिळून ठरवा. तिला करायची असेल तर अडवू नका, तिच्यासोबत पोलीस ठाण्यात जा. तो माणूस घरी येऊन पूजेसाठी तगादा लावू लागला तर मात्र वाट बघू नका, ११२ ला फोन करा. आणि मुलीला तुमच्या तोंडून एक वाक्य ऐकू द्या: "तुला तिथं नेलं ते माझं चुकलं." कारणं सांगत बसू नका. तुम्ही घाबरून नेलंत हे तिला आपोआप कळेल.

आता औषधाकडं येऊ. त्वचारोगतज्ज्ञाला एकदा दाखवा. सी.पी.आर. म्हणजे आपल्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे, तिथल्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी केसपेपर काढून दाखवता येतं. खासगीत ओळखीचे कुणी असतील तरी चालेल. निदानाला यंत्र लागत नाही. डॉक्टर बोथट टोकानं हातावर किंवा पाठीवर रेघ ओढतात आणि थांबतात, एवढंच. निदान कागदावर लिहून मागा, घरी दाखवायला उपयोगी पडेल.

डॉक्टरांना दोन गोष्टी आपणहून सांगा. पहिली, दिवाळीच्या आसपास तिला ताप, घशाचा संसर्ग, नवीन औषध, परीक्षेचा मोठा ताण यातलं काही झालं होतं का. बहुतेकांत कारण सापडतच नाही, पण कधी कधी अशा एखाद्या गोष्टीनंतर हे सुरू होतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: रात्री खाज वाढते का, बोटांच्या बेचक्यांत, कमरेशी बारीक पुरळ आहे का, घरात आणखी कुणी खाजवतं का. खरूज झाल्यानंतरही त्वचालेखन सुरू होऊ शकतं. तसं असेल तर आधी खरजेवर इलाज लागतो, आणि तो घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी करायचा असतो.

औषध म्हणजे हिस्टामिनला अडवणाऱ्या गोळ्या. सेटिरिझीन, लिव्होसेटिरिझीन, फेक्सोफेनाडीन ही नावं तुम्ही ऐकली असतील. नव्या प्रकारच्या गोळ्यांनी गुंगी कमी येते, मुलीला कॉलेजात बसता येतं. एका गोळीनं भागलं नाही तर डॉक्टर मात्रा वाढवतात, ते त्यांच्या देखरेखीखाली चालतं. मेडिकलमधून आपल्या आपण दोन-दोन घेणं चालत नाही. एक मात्र निक्षून सांगते, यासाठी स्टेरॉइडचं इंजेक्शन किंवा गोळ्या घेत राहू नका. पहिल्या दिवशी अंग साफ होतं, सगळे खूश होतात, आणि मग महिन्या-महिन्याला तेच सुरू राहतं. हाडं, साखर, वजन यांवर त्याचे परिणाम होतात आणि मूळ हळवेपणा होता तिथंच राहतो.

आणि कुणी हजारो रुपयांचं अॅलर्जी पॅनेल करायला सांगितलं तर आधी कशासाठी ते विचारा. त्वचालेखन कुठल्या पदार्थानं होत नाही, घर्षणानं होतं. शिवाय ज्या चाचणीत कातडीला सुईनं टोचतात, त्यात अशा मुलीच्या अंगावर प्रत्येक टोचणीला गाठ उठू शकते, नुसतं मिठाचं पाणी असलं तरी. मग निकाल येतो की हिला गहू, दूध, शेंगदाणा, धूळ सगळ्याचीच अॅलर्जी आहे. असे कागद घेऊन अर्धपोटी राहिलेल्या मुली माझ्याकडं येतात आणि मला फार वाईट वाटतं. तेव्हा वांगं, दाणे, अंडी आजच परत सुरू करा. रविवारचं मटणही. या वयात पुष्कळ मुलींचं रक्त आधीच कमी असतं.

घरातल्या सवयींत थोडा बदल हवा. बंबातलं कडकडीत पाणी बंद, कोमट घ्या. वजरी, घासणी, दिवाळीचं खसाखसा लावलेलं उटणं तिच्या अंगाला नको. अंघोळीनंतर पंचानं टिपायचं, रगडायचं नाही, आणि अंग जरा ओलं असतानाच साधं खोबरेल किंवा वासाशिवायचं मॉइश्चरायझर लावायचं. कोरडी कातडी जास्त खाजते. घोंगडी काढून ठेवा. पित्त उठलं की घोंगडी पांघरायची ही आपल्याकडची जुनी रीत आहे, पण लोकरीचं खरखरीत घर्षण म्हणजे हिच्या कातडीला आणखी एक ओरखडा. आमसुलाच्या पाण्यानं गार वाटतं, अपाय नाही, लावायचं तर चोळू नका. सलवारीची नाडी, आतल्या कपड्यांचं इलॅस्टिक, जीन्सचा पट्टा जरा सैल. सॅकचे पट्टे रुंद घ्या. नवी कोल्हापुरी चप्पल मऊ होईपर्यंत पायावर वळ उठतील, तेल पाजून मऊ करा आणि मग घालू द्या. नखं कापलेली असू देत. खाज सुटली की खाजवण्याऐवजी गार पाण्याची पट्टी ठेवायची. खाजवलं की नवा वळ, नव्या वळाला नवी खाज, हे चक्र तिथंच तोडता येतं.

हे किती दिवस राहील? काहींचं काही महिन्यांत जातं, पुष्कळांचं काही वर्षं चालतं आणि हळूहळू विरून जातं. ताणाच्या दिवसांत वाढतं. परीक्षेच्या आठवड्यात वाढलं म्हणून घाबरू नका.

काही लक्षणं मात्र वेगळी आहेत आणि त्यात थांबायचं नसतं. ओठ, जीभ, पापण्या सुजणं, श्वास लागणं, आवाज घोगरा होणं, गरगरणं यातलं काही झालं तर ते नुसतं त्वचालेखन नाही. थेट दवाखाना, १०८ ला फोन. एखादा वळ एका जागी चोवीस तासांहून जास्त राहिला, खाजण्यापेक्षा दुखला, जाताना निळसर-काळसर डाग ठेवून गेला, सोबत ताप किंवा सांधेदुखी असली तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. अंगावर कायमचे तपकिरी ठिपके असतील आणि चोळल्यावर तेवढेच ठिपके फुगत असतील तर तेही दाखवा, तो निराळा प्रकार असतो.

स्थळांचं विचारलंत. आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा: यात लपवण्यासारखं काही नाही आणि जाहीर करण्यासारखंही काही नाही. बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर पोह्यांबरोबर मांडायचा हा विषय नाही. गोष्ट पुढं गेली, मुलगा-मुलगी एकमेकांशी बोलू लागली, की ती स्वतः सांगेल. "माझी स्किन सेन्सिटिव्ह आहे, घासलं की वळ उठतात, गोळी घेते," यात सगळं आलं. मूल होण्याशी, संसाराशी याचा काही संबंध नाही. एवढ्यावरून कुणी स्थळ मोडलं तर त्या घरात पुढं तिची सर्दीही खपली नसती. मात्र तिला आत्ता लग्न करायचं आहे का, हे तुमच्या पत्रात कुठं आलं नाही. ती दुसऱ्या वर्षाला आहे. या गडबडीत, "अंगावर काही आहे, लवकर उजवून टाका," असं कुणी म्हणत असेल तर त्या घाईला बळी पडू नका.

आणि लग्न ठरेल तेव्हा ठरेल, पण त्या दिवसासाठी एक सूचना आत्ताच देऊन ठेवते. जड साज, काठाचा शालू, घट्ट ब्लाउज, खांद्यावर रुतणाऱ्या पिना यांनी मानेवर, खांद्यावर वळ उठतील. डॉक्टरांना विचारून आदल्या दिवसापासून गोळी सुरू ठेवायची. मेंदीवालीला सांगायचं की कोनाचं टोक कातडीवर टेकवून ओढू नको, आणि काळी मेंदी अजिबात नको. काळ्या मेंदीत केसांच्या रंगातलं रसायन असतं आणि त्यानं चांगल्या कातडीलाही फोड येतात.

आता सासूबाईंचं "तिघांवर एकच सावट". जिभेवरच्या चट्ट्यांना नकाशी जीभ म्हणू, ती शंभरात एक ते तीन जणांना असते. उन्हात शिंक येणारे तर चार-पाच माणसांत एक सापडतो. हजार माणसांची पंगत बसली आहे असं धरा. तिच्यात त्वचालेखनवाले वीस ते पन्नास, नकाशी जिभेचे दहा ते तीस, आणि उन्हात शिंकणारे दोनशेच्या वर निघतील. एखाद्या घरात तिन्ही एकत्र आली तर त्यात नवल काही नाही. एरवी कुणी मोजत नाही, एवढंच. तुमच्या घरात मुलीच्या हातावरचं नाव दिसलं, आणि मग सगळे एकमेकांची अंगं तपासायला लागले.

मिस्टरांच्या शिंकांना आजार म्हणणंसुद्धा जास्त होईल. अचानक प्रखर उजेड डोळ्यांवर पडला की शिंक येते, आणि ही सवय आई किंवा वडिलांकडून येते. ज्याला आहे त्याच्या प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता साधारण निम्मी. उन्हानं शिंक का येते हा प्रश्न अॅरिस्टॉटलच्या नावावरच्या प्राचीन ग्रंथातही विचारलेला आहे. सतराव्या शतकात फ्रान्सिस बेकननं डोळे मिटून उन्हात जाऊन बघितलं, तर शिंक आली नाही. म्हणजे ऊन नाकाला लागत नाही, डोळ्यांवाटे लागतं. डोळ्यांचा आणि नाकाचा निरोप मेंदूकडं नेणाऱ्या वाटा जवळून जातात, तिथं गोंधळ होत असावा असं मानतात. तुमच्या सासऱ्यांना किंवा सासूबाईंनाच विचारा, त्यांच्यापैकी एकाला असेल. काळजी एकाच ठिकाणी घ्यायची: गाडी चालवताना. शिंकेला क्षणभर डोळे मिटतात. पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा संपतो तिथं एकदम ऊन अंगावर येतं. मिस्टरांनी बाहेर पडायच्या आधी वेग कमी करावा, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवावं. मोटारसायकलवर गॉगल असावाच.

धाकट्याच्या जिभेबद्दल निश्चिंत राहा. जिभेवर बारीक केसासारखे उंचवटे असतात, त्यामुळं ती मखमलीसारखी दिसते. काही जागचे उंचवटे तात्पुरते गळतात, तिथं लाल, गुळगुळीत चट्टा दिसतो आणि त्याच्या कडेला पांढरी रेघ असते. पहिल्या जागी ते परत उगवतात तोवर दुसरीकडचे गळतात, म्हणून नकाशा सरकल्यासारखा वाटतो. जंतांचा, उष्णतेचा, खोटं बोलण्याचा याच्याशी संबंध नाही. औषध लागत नाही. जीभ खरवडून साफ करायला लावू नका, मऊ ब्रश पुरे. पूर्ण जीभच लाल, गुळगुळीत झाली, किंवा मूल फिकट, मलूल दिसलं तर रक्त तपासून घ्या, लोह किंवा बी-१२ कमी असू शकतं. आणि घरातल्या मोठ्या माणसांसाठी, विशेषतः कुणी मावा-तंबाखू खात असेल तर: तोंडातला जो पांढरा किंवा लाल चट्टा दोन आठवडे एकाच जागी बसून राहतो तो नकाशी जिभेचा नव्हे. तो लगेच दाखवायचा.

धाकट्याला त्रास होतो तो तिखटाचा. चट्टे ताजे असले की तांबडा रस्सा, मिसळीचा कट, लिंबू, अननस झोंबतात, आणि मग घरात "नाटकं करतो" म्हणून ओरडा बसतो. तो नाटकं करत नाही, जीभ खरंच भाजते. त्या दिवशी त्याला पांढरा रस्सा, दहीभात द्या आणि तांबड्याची वाटी स्वतःहून मागेपर्यंत पुढं करू नका.